आकाश एकच आहे का? इमिलोआ संग्रहालयाविषयी

प्रशांत महासागरात होडी हाकणारा वाटाड्या आणि डोंगरमाथ्यावर दुर्बीण चालवणारा खगोलशास्त्रज्ञ, दोघंही ताऱ्यांकडेच बघतात. दोघंही अजून न पाहिलेल्या जागेचा शोध घेतात. म्हणजे दोघंही एकाच परंपरेचे! हवाईतल्या हिलो शहरातलं इमिलोआ खगोल केंद्र या कल्पनेवर उभं आहे. शब्द माझे आहेत, कल्पना त्यांची. ऐकायला छान वाटते, शाळेच्या सहलीला तर फारच छान.

माझ्या प्रबंधाचा विषय आहे विज्ञान संग्रहालयं पारंपरिक ज्ञान कसं मांडतात. त्यात इमिलोआवर एक प्रकरण आहे. त्या प्रकरणावर काम करताना मला सारखं वाटत राहिलंय की वरच्या वाक्यांतला 'म्हणजे' फार घाईत आलाय. आज तो 'म्हणजे' जरा उलगडून बघू.

आधी ओळख

इमिलोआ फेब्रुवारी 2006 मध्ये उघडलं, हवाई विद्यापीठाच्या हिलो इथल्या आवारात. इमारतीला टायटेनियमच्या पत्र्याने मढवलेले तीन शंकू आहेत. माउनाकेआ, माउनालोआ आणि हुआलालाई या बेटावरच्या तीन ज्वालामुखींची ती खूण. आत प्रदर्शन आणि तारांगण, बाहेर स्थानिक झाडांची बाग. सुमारे 2.8 कोटी डॉलर खर्च आला आणि तो पैसा मुख्यतः नासामार्फत मिळाला. हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये यांचा त्यामागे मोठा हात होता. 'इमि' म्हणजे शोधणं आणि 'लोआ' म्हणजे दूर, लांब. नावातच सूत्र आलं.

टीका करण्याआधी दोन गोष्टी मनापासून मान्य करते.

पहिली गोष्ट भाषेची. प्रदर्शन हवाईयन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. 1896 च्या कायद्यानंतर हवाईयन शाळांमधून माध्यम म्हणून हद्दपार झाली होती. 1978 मध्ये राज्यघटनेने तिला अधिकृत भाषा केलं आणि 1984 पासून पूनाना लेओ या बालवाड्यांनी ती पुन्हा लहान मुलांच्या तोंडी आणली. एका पिढीत मरता मरता वाचलेल्या भाषेत तेजोमेघ आणि आकाशगंगा समजावून सांगणं ही साधी गोष्ट नाही. मराठीत विज्ञान लिहायला बसलं की दर तिसऱ्या शब्दाला अडायला होतं, आणि आपली भाषा तर कोट्यवधी लोक बोलतात.

दुसरी गोष्ट माणसांची. होकुलेआ या प्रसिद्ध होडीचे कप्तान आणि वाटाडे कालेपा बेबायान हे 2021 मध्ये वारले. ते या केंद्राचे 'निवासी वाटाडे' होते. म्हणजे इथे वाटाड्या काचेच्या पेटीतला पुतळा नव्हता, नोकरीवरचा माणूस होता. किती संग्रहालयांना असं म्हणता येईल?

तर आता मुद्द्यावर येऊ.

वाटाड्या नक्की करतो काय?

'ताऱ्यांवरून दिशा ओळखायची' एवढंच आपल्याला माहीत असतं. ध्रुवतारा दिसला की उत्तर, झालं. प्रत्यक्षात हे काम याहून कितीतरी बारीक आहे.

हवाईच्या आजच्या वाटाड्यांची जी तारा-होकायंत्राची मांडणी आहे, तिच्यात क्षितिजाचे 32 भाग केलेले असतात. त्यांना 'घरं' म्हणतात. एक घर सव्वाअकरा अंशांचं. प्रत्येक तारा वर्षभर आपल्या ठरलेल्या घरातूनच उगवतो आणि पश्चिमेला त्याच नावाच्या घरात मावळतो. विषुववृत्ताच्या आसपास तारे जवळजवळ उभे वर चढतात, त्यामुळे उगवलेला तारा बराच वेळ त्याच दिशेला राहतो. तो फार वर गेला की त्याच घरातून उगवणारा पुढचा तारा धरायचा. ढग आले, दिवस उजाडला, की लाटा. दूरच्या वाऱ्यांनी उठलेल्या लांब, संथ लाटा दिवसचे दिवस एकाच दिशेने येत राहतात. होडी त्यांच्यावर कशी डोलते हे अंगाने ओळखायचं. शिवाय वेग किती, किती वेळ झाला, प्रवाहाने किती बाजूला नेलं, हे सगळं डोक्यात. कागद नाही, आकडेमोडीची पाटी नाही.

अक्षांश कसा कळतो? एक युक्ती तुम्ही स्वतः करून बघू शकता. त्रिशंकूचा, म्हणजे दक्षिणेकडच्या क्रॉसचा वरचा आणि खालचा तारा घ्या. दोघांमध्ये सहा अंशांचं अंतर आहे. त्रिशंकू आकाशात उभा असताना खालचा तारा क्षितिजापासून नेमका तेवढाच वर असेल, तर तुम्ही साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहात. होनोलुलूचा अक्षांश हाच. आणि नागपूर, जळगावचाही जवळपास हाच! मेच्या मध्यावर रात्री नऊ-सव्वानऊला दक्षिणेचं क्षितिज मोकळं मिळालं तर बघा. मुंबईहून खालचं अंतर थोडं जास्त दिसेल, कारण मुंबई दोन अंश दक्षिणेला आहे.

आता या सगळ्यातली माझ्या कामाची गोष्ट. मायक्रोनेशियातल्या कॅरोलाइन बेटांवरचे वाटाडे 'एताक' नावाची पद्धत वापरतात. तिच्यात वाटाड्या असं धरतो की आपली होडी जागेवर स्थिर आहे आणि बेटंच मागे सरकताहेत. वाटेच्या बाजूला असलेलं, न दिसणारं एक बेट तो मनात धरतो. प्रवास जसा पुढे जाईल तसं ते बेट एका ताऱ्याच्या उगवतीच्या जागेखालून दुसऱ्याच्या जागेखाली सरकत जातं. किती सरकलं त्यावरून किती आलो ते कळतं. होडी खरंच थांबलेली नाही हे त्याला पुरेपूर ठाऊक असतं. पण हिशोब करायला हीच चौकट सोयीची, कारण सगळ्या जगाचा केंद्रबिंदू म्हणजे होडीत बसलेला तो माणूस.

आता माउनाकेआच्या माथ्यावर जाऊ. उंची सुमारे 4200 मीटर. वातावरणाचा जवळजवळ 40 टक्के भाग खालीच राहतो. तिथल्या केक दुर्बिणींचे आरसे प्रत्येकी 10 मीटरचे, 36 तुकडे जोडून केलेले. दुर्बीण ताऱ्यावर रोखली की पहिलं काम काय? पृथ्वी फिरते, तर तो फिरणं वजा करा. हवा थरथरते, तर आरशाचा आकार सेकंदाला शेकडो वेळा बदलून ती थरथर वजा करा. पृथ्वी सूर्याभोवती धावते, तर मोजलेल्या वेगातून तोही वेग वजा करा. आधुनिक खगोलशास्त्रात बघणाऱ्याची जागा, त्याचं अंग, त्याची वेळ ही सगळी काढून टाकायची 'चूक' असते. सगळं वजा करून जे उरतं ते निरीक्षण.

वाटाड्याला नेमकं तेच हवं असतं जे खगोलशास्त्रज्ञ वजा करतो. मी कुठे आहे? तारे त्याला या एका प्रश्नासाठी लागतात. तारा कशाचा बनलाय याने होडी किनाऱ्याला लागत नाही. आणि मी कुठे आहे हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञाच्या दृष्टीने सुटलेला असतो, अक्षांश-रेखांश यंत्रात आधीच भरलेले असतात.

म्हणून 'दोघंही आकाशाकडे बघतात' हे वाक्य खोटं नसलं तरी पोकळ आहे. शिंपी आणि शल्यविशारद दोघंही सुईच वापरतात, तसं.

आणि आकाशही तेच नाही

'एकच आकाश' या कल्पनेला आणखी एक अडचण आहे, तीही खगोलशास्त्राचीच.

होकुलेआ हे त्या होडीचं नाव मुळात एका ताऱ्याचं आहे. आपण त्याला स्वाती म्हणतो. स्वाती हवाईच्या मोठ्या बेटाच्या जवळपास थेट डोक्यावरून जाते. म्हणून दक्षिणेकडून येताना स्वाती डोक्यावर आली की आपण हवाईच्या अक्षांशावर पोहोचलो, असं समजायचं. मुंबईचा अक्षांशही 19 अंश, त्यामुळे मेच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास स्वाती मुंबईकरांच्याही डोक्यावर असते.

ही गोष्ट बहुतेक वेळा 'प्राचीन' म्हणून सांगितली जाते. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो (याला परांचन म्हणतात), आणि स्वाती स्वतःही आकाशात जरा वेगाने सरकणारी आहे. दोन्हींचा हिशोब केला तर 1200 सालच्या सुमारास स्वाती साधारण साडेतेवीस अंश उत्तरेच्या डोक्यावरून जात होती. हवाईची मुख्य बेटं 19 ते 22 अंशांत आहेत. म्हणजे पहिले वसाहतकार आले त्या काळात 'स्वाती डोक्यावर' हा नियम तंतोतंत पाळणारा माणूस बेटांच्या उत्तरेला, शंभराहून अधिक किलोमीटर पुढे, उघड्या समुद्रावर पोहोचला असता.

याने वाटाड्यांच्या विद्येला काही कमीपणा येतो का? माझ्या मते उलट आहे. ही विद्या जिवंत असेल तर ती आकाशाबरोबर बदलतच आली असणार. काही शतकांनी नियम बदलला असेल, तारा बदलला असेल. ज्या विद्येला आपण 'हजारो वर्षं जशीच्या तशी' असं प्रमाणपत्र देतो, तिची बदलण्याची ताकद आपण काढून घेतो. संग्रहालयात हे फार पटकन घडतं. एका बाजूला 'तेव्हा', दुसऱ्या बाजूला 'आता'. 'तेव्हा'च्या बाजूची माणसं आज जिवंत आहेत, दुरुस्त्या करताहेत, भांडताहेत, हे त्या मांडणीत मावत नाही.

खरी भेट कुठे झाली

आता गंमत अशी की पॉलिनेशियन नौकानयन आणि आधुनिक विज्ञान यांची खरीखुरी गाठ पडलेली आहे. तारखांसकट. साम्याच्या गोष्टीपेक्षा ती कितीतरी रंजक आहे.

1956 मध्ये न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्प यांनी पुस्तक लिहून मांडलं की यंत्रांशिवाय इतके लांबचे प्रवास ठरवून करणं शक्यच नव्हतं, ही बेटं भरकटलेल्या होड्यांना योगायोगाने सापडली. 1973 मध्ये लेविसन, वॉर्ड आणि वेब या तिघांनी संगणकावर वारे आणि प्रवाह घालून हजारो होड्या 'भरकटवून' पाहिल्या. नुसतं भरकटून हवाईला पोहोचता येत नाही असं दिसलं. त्याच वर्षी मानवशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब काने आणि दर्यावर्दी टॉमी होम्स यांनी पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी स्थापन केली. जुन्या धाटणीची, दोन होड्या शेजारी जोडून केलेली होकुलेआ 1975 मध्ये पाण्यात उतरली. 1 मे 1976 ला ती माउइ बेटावरून निघाली आणि 4 जूनला ताहितीच्या पापीतेला पोहोचली, होकायंत्राशिवाय. वाट दाखवत होते माउ पियाइलुग. ते हवाईचे नव्हते, ताहितीचेही नव्हते. ते होते सातावाल या कॅरोलाइन बेटांतल्या इवल्याशा बेटाचे. हवाईत ही विद्या येणारं तेव्हा कोणी उरलंच नव्हतं.

म्हणजे होकुलेआचा पहिला प्रवास ही सांस्कृतिक यात्रा होती, तसाच तो एक प्रयोगही होता. गृहीतक होतं, चाचणी होती, चाचणी फसण्याची शक्यता होती.

पुढची पायरी तर माझी आवडती आहे. नाइनोआ थॉम्पसन या हवाईयन तरुणाला ही विद्या शिकायची होती. तो होनोलुलूतल्या बिशप म्युझियमच्या तारांगणात जाऊन बसायला लागला. तिथले विल किसेल्का त्याच्यासाठी कृत्रिम आकाश फिरवून दाखवायचे. होनोलुलूचं आकाश, ताहितीचं आकाश, मधल्या प्रत्येक अक्षांशाचं आकाश. तारांगणात काही मिनिटांत रात्र सरकवता येते, समुद्रावर त्याला आयुष्य लागलं असतं. अशा अभ्यासातून ताऱ्यांच्या जोड्या हाती आल्या. उदाहरणार्थ, ताहितीच्या अक्षांशावर व्याध आणि पुनर्वसूतला दक्षिणेकडचा तेजस्वी तारा जवळजवळ एकाच क्षणी मावळतात. मी गणित करून पाहिलं, फरक मिनिटभराहूनही कमी येतो. हवाईहून बघाल तर व्याध दोन तासांहून जास्त आधी मावळतो. म्हणजे दोघांच्या मावळण्यातलं अंतर जसं कमी होत जाईल तसं ताहिती जवळ येतंय.

1978 मध्ये होकुलेआ वादळी समुद्रात उलटली आणि मदत आणायला फळीवरून निघालेला एडी आइकाउ परत आला नाही. त्यानंतर माउ पुन्हा हवाईत आले, नाइनोआला शिकवायला. 1980 मध्ये नाइनोआने होकुलेआ ताहितीला नेली आणि परत आणली. या प्रवासात माउंची विद्या होती, तारांगणाचं यंत्र होतं आणि त्याची स्वतःची भर होती. यातलं 'शुद्ध पारंपरिक' किती आणि 'आधुनिक' किती, असं वेगळं काढायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही.

माझ्या क्षेत्रात अशा गोष्टीसाठी एक संकल्पना आहे. सुझन ली स्टार आणि जेम्स ग्रिझमर यांनी 1989 मध्ये बर्कलीच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचा अभ्यास केला. तिथे शास्त्रज्ञ, हौशी संग्राहक, सापळे लावणारे शिकारी, विद्यापीठाचे कारभारी असे सगळे मिळून काम करत. प्रत्येकाला हवं ते वेगळं होतं. तरी काम झालं. कसं? त्यांच्यामध्ये नमुने, नकाशे, नोंदींचे ठरीव तक्ते अशा वस्तू होत्या, ज्यांचा प्रत्येक गट आपापल्या अर्थाने उपयोग करू शकत होता. मी मराठीत त्यांना 'सीमेवरच्या वस्तू' म्हणते. अभ्यासाचं सार एका वाक्यात सांगायचं तर: सहकार्यासाठी एकमत लागत नाही.

बिशप म्युझियमचं तारांगण ही अशीच सीमेवरची वस्तू होती. किसेल्कांसाठी ते शिकवण्याचं साधन, नाइनोआसाठी समुद्राची तालीम. दोघांनी 'आपण एकच' असं कधी ठरवलं नाही, ठरवायची गरजही पडली नाही.

इमिलोआच्या मुख्य सूत्रावर माझा आक्षेप नेमका इथे आहे. ते सूत्र सहकार्याआधी एकमताची मागणी करतं. दोघंही शोधक, दोघंही एक. आणि 'एक' कोणाच्या मापाने? शब्द तर खगोलशास्त्राच्या घरचा आहे: शोध, नव्याचा शोध.

वंशावळ आणि महास्फोट

साम्याची ही घाई उगमाच्या गोष्टीत जास्त जाणवते. हवाईच्या कुमुलिपोला महास्फोटाच्या सिद्धांताशेजारी बसवायचं, दोन्ही 'विश्व कसं सुरू झालं' याची उत्तरं म्हणून.

कुमुलिपो हे दोन हजारांहून अधिक ओळींचं मौखिक काव्य आहे. काळोखातून सुरुवात, आधी प्रवाळाचा जीव, मग समुद्रातले आणि जमिनीवरचे जीव, शेवटी माणसं. त्यामुळे उत्क्रांतीची आठवण येणं साहजिक आहे. पण मुळात ती एका राजघराण्याची वंशावळ आहे. राजा कालाकाउआने 1889 मध्ये ती छापली. त्याची बहीण लिलिउओकालानी, हवाईची शेवटची राणी, हिचं राज्य 1893 मध्ये उलथवलं गेलं, 1895 मध्ये तिला तिच्याच राजवाड्यात कैदेत ठेवलं गेलं, आणि 1897 मध्ये तिने कुमुलिपोचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेने हवाई बेटं ताब्यात घेतली. अशा वेळी एक पदच्युत राणी आपली वंशावळ इंग्रजीत का छापते? महास्फोटाला पूरक मजकूर म्हणून नक्कीच नाही. हा प्रवाळापासून आमच्यापर्यंत येणारा सलग धागा आहे, ही जमीन आमच्या नात्यातली आहे, असा तो दावा आहे.

त्याला 'सृष्टीच्या उगमाची एक कथा' म्हटलं की आदर दिल्यासारखं वाटतं, आणि दावा मात्र अलगद नाहीसा होतो.

आपल्याकडे हा प्रकार वेगळ्या रूपात ओळखीचा आहे. 'आमच्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं' म्हणत कुठल्याही ओवी-श्लोकाला ताज्या शोधाशी जोडायचं. हेतू गौरवाचा, परिणाम उलटा. जुन्या विद्येची किंमत मग ती आधुनिक विज्ञानासारखी किती दिसते यावर ठरते. इमिलोआ इतकं ढोबळ काही करत नाही. पण उताराची दिशा तीच आहे.

नावं आणि रस्ता

इमिलोआचं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे 'आ हुआ हे इनोआ' हा नावं ठेवण्याचा उपक्रम. हवाईतल्या दुर्बिणींना सापडलेल्या खगोलांना हवाईयन नावं द्यायची. आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला पाहुणा 2017 मध्ये माउइवरच्या दुर्बिणीने टिपला, त्याचं ओउमुआमुआ हे नाव हवाईयन भाषातज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरलं. पृथ्वीसोबत फिरणाऱ्या कामोओआलेवा या लघुग्रहाच्या नावामागे हवाईयन माध्यमात शिकणारी मुलं आहेत. इथे मुलं खगोलशास्त्रज्ञांशी बसून खगोल समजून घेतात आणि भाषेचा निर्णय भाषेची माणसं घेतात. पुन्हा तेच: काम एक, अर्थ दोन. सीमेवरची वस्तू.

एप्रिल 2019 मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगाने पाहिली. तिच्यासाठी वापरलेल्या दुर्बिणींपैकी दोन माउनाकेआवर होत्या. हिलोतल्या हवाईयन भाषेच्या प्राध्यापक लॅरी किमुरांनी त्या कृष्णविवराला नाव दिलं पोवेही. शब्द कुमुलिपोतून घेतलेला.

तीनच महिन्यांनी, जुलै 2019 मध्ये, त्याच माउनाकेआच्या पायथ्याशी लोक रस्ता अडवून बसले. 30 मीटर आरशाच्या नव्या दुर्बिणीचं, टीएमटीचं बांधकाम सुरू होऊ नये म्हणून. पोलिसांनी तीसहून अधिक ज्येष्ठांना अटक केली. ज्या भाषेत कृष्णविवराला नाव मिळालं, त्याच भाषेत तिथे मंत्र म्हटले जात होते.

एकाच वर्षातल्या या दोन घटना एकत्र समजावून सांगता येत नसतील, तर 'दोघंही शोधक' हे सूत्र कामाचं नाही. आणि त्या सूत्राने त्या समजावता येतच नाहीत. रस्त्यावर बसलेल्यांचं भांडण ताऱ्यांशी नव्हतं. 1968 मध्ये राज्याने शिखराची जमीन हवाई विद्यापीठाला 65 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. तिथल्या बहुतेक वेधशाळा वर्षाला एक डॉलर नाममात्र भाडं देत आल्या. ही जमीन उलथवलेल्या राज्याकडून आलेली. 1998 मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकांनी विद्यापीठाच्या देखभालीवर कडक ताशेरे ओढले होते. प्रश्न जमिनीचा आहे, आणि कोण ठरवणार याचा आहे.

वाटाडेही एका बाजूचे नाहीत. कालेपा बेबायान यांनी टीएमटीला जाहीर पाठिंबा दिला होता. आमचे पूर्वज शोधक होते, म्हणून दुर्बीण त्याच वाटेवरचं पाऊल, असा त्यांचा सूर होता. म्हणजे ज्या सूत्रावर मी टीका करते ते नुसतं बाहेरून लादलेलं नाही, काही हवाईयन लोकांनी ते मनापासून मानलंय, हे मला नाकारता येत नाही. पण त्याच समाजातल्या दुसऱ्या माणसांनी ते मानलेलं नाही. संग्रहालयाने एका बाजूचं उत्तर सगळ्यांचं सूत्र करू नये, एवढंच माझं म्हणणं.

यात आपण कुठे?

हे दूरच्या बेटांवरचं भांडण म्हणून सोडून देता येत नाही. भारत टीएमटीचा भागीदार आहे, सुमारे दहा टक्क्यांचा. भारतीय बाजूने बंगळूरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, नैनितालची एरीज आणि पुण्याची आयुका या संस्था त्यात आहेत. आरशाच्या 492 तुकड्यांपैकी काहींना पॉलिश करण्याचं आणि सॉफ्टवेअरचं काम भारताकडे आलं. म्हणजे पुण्यात बसून ज्या प्रकल्पासाठी काम होतं, त्याचा माथा दुसऱ्या कुणाच्या वंशावळीत आहे. आजवर शिखरावर ती दुर्बीण उभी राहिलेली नाही. 2016 पासून कॅनरी बेटांतलं ला पाल्मा ही पर्यायी जागा ठरलेली आहे.

आपल्याकडे ही बातमी बहुधा 'श्रद्धा विरुद्ध विज्ञान' अशी येते. ते सोयीचं आहे, कारण मग आपली बाजू आपोआप ठरते. वर जे सांगितलं त्यावरून ही मांडणी किती तोकडी आहे हे लक्षात आलं असेल.

मग संग्रहालयाने काय करावं?

कोणी म्हणेल, अगं, संग्रहालय आहे ते, न्यायालय नाही. सहावीची मुलं येतात, आजी-आजोबा येतात. साम्य हा आत शिरायचा दरवाजा आहे. मान्य. पण दरवाजातून आत आल्यावर खोली लागली पाहिजे, दुसरा तसाच दरवाजा नव्हे.

माझ्या हाती मांडणी दिली तर मी फरकापासून सुरुवात करीन. तारांगणात आधी वाटाड्याचं आकाश: व्याध आणि पुनर्वसू मावळताना बघा आणि आपण कुठे आहोत ते सांगा. मग तेच तारे केकच्या नजरेतून, पृथ्वीची प्रत्येक हालचाल वजा करून. मुलांनाच विचारायचं, काय वजा झालं? मग 1200 सालचं आकाश लावायचं आणि स्वाती उत्तरेला सरकलेली दाखवायची. त्यानंतर 1970 च्या दशकातलं ते तारांगण, जिथे दोन विद्या एका खोलीत बसल्या. कुमुलिपोशेजारी महास्फोटाऐवजी राणीची कैद आणि 1897 हे साल. आणि सगळ्यात शेवटी, सहज वाचता येईल अशा अक्षरात, 1968 चा भाडेपट्टा.

यातलं काहीच दुर्बिणीच्या विरोधात नाही. 2022 च्या कायद्याने माउनाकेआच्या कारभारासाठी नवं प्राधिकरण नेमलं आहे. त्यात स्थानिक हवाईयन आणि खगोलशास्त्र अशा दोन्ही बाजूंना जागा आहे. तिथे बसणाऱ्यांना 'आपण सगळे शोधक' हे वाक्य फार पुरणार नाही. मतभेद नेमका कुठे आहे हे माहीत असताना एकत्र काम कसं करायचं, हे त्यांना लागेल. ते शिकवायला इमिलोआइतकी योग्य जागा दुसरी नाही. भाषा तिथे आहे, वाटाड्यांची परंपरा आहे, खगोलशास्त्रज्ञ आहेत. भाडेपट्टा 2033 मध्ये संपतो. आज सहावीत असलेली मुलं तेव्हा मतदार असतील.